माझं इंग्रजी नेमकं कुठल्या पातळीचं, हे स्वतःच कसं ठरवायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे सत्तावीस वर्षांचे आहेत. धाराशिव जिल्ह्यातल्या मराठी शाळेतून दहावी, मग डिप्लोमा, डिग्री, आणि आता पाच वर्षं चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात नोकरी. कंपनीत अंतर्गत जागा निघाली आहे. काम युरोपातल्या ग्राहकांशी रोज कॉलवर बोलण्याचं, आणि अट आहे 'इंग्रजी बी२ किंवा त्याहून वर' (ए१, ए२, बी१, बी२, सी१, सी२ अशा चढत्या सहा पायऱ्यांतली बी२ ही चौथी). त्यांनी नेटवर दोन मोफत चाचण्या दिल्या. एकीने सी१ दिलं, दुसरीने बी१. मित्र म्हणतात तुझं इंग्रजी चांगलं आहे, पण कॉलवर ग्राहकाने थेट काही विचारलं की नजर शेजारच्याकडे वळते. "मग माझी खरी पातळी कोणती? घरबसल्या ती ठरवता येईल का? आणि फॉर्ममध्ये काय लिहू?"

मी एकवीस वर्षं पिंपरी-चिंचवडमध्ये संध्याकाळच्या बॅचेस घेते. येणाऱ्यांपैकी निम्मे तुमच्यासारखेच कंपनीच्या बसमधून उतरून थेट वर्गात येतात. बाकी परदेशी जाऊ बघणाऱ्या नर्सेस आणि मुलं मोठी झाल्यावर पुन्हा नोकरी शोधणाऱ्या बायका. पहिल्या दिवशी सगळे हाच प्रश्न विचारतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुमच्या प्रश्नात खरं तर दोन प्रश्न आहेत. 'माझी पातळी कोणती' हा एक, आणि 'हे काम मला झेपेल का' हा दुसरा. पहिल्याचं एक उत्तर मिळालं की दुसऱ्याचं आपोआप मिळेल असं तुम्ही धरून चालला आहात. तसं होत नाही, कारण पातळी एक नसते. प्रत्येकाच्या चार-पाच पातळ्या असतात आणि त्या क्वचितच सारख्या असतात.

त्या दोन चाचण्यांपैकी एक खोटी असणार असं तुम्हाला वाटतंय. माझ्या मते दोन्ही आपापल्या जागी बरोबर असू शकतात. सी१ देणारीत काय होतं ते आठवून पाहा: वाक्यात गाळलेली जागा, खाली चार पर्याय. असं असलं की डोळे मिटून खुणा केल्या तरी चाळीसातले सरासरी दहा बरोबर येतात. शिवाय आपण चौथीच्या स्कॉलरशिपपासून नको ते पर्याय गाळत उत्तरापर्यंत पोचायला शिकलेलो. बरोबर वाक्य ओळखणं आणि तेच वाक्य तीन सेकंदांत तोंडातून काढणं ही दोन अगदी वेगळी कामं आहेत. बी१ देणारीत बहुधा ऐकून किंवा लिहून काही करायला सांगितलं असणार. म्हणजे एकीने तुमची ओळखण्याची ताकद मोजली, दुसरीने वापरण्याची.

या पायऱ्या कुठून आल्या ते माहीत असलं की स्वतःला मोजणं सोपं जातं. ए१ ते सी२ ही चौकट युरोप परिषद या युरोपीय देशांच्या संघटनेने २००१ मध्ये प्रसिद्ध केली, आणि ती एकट्या इंग्रजीसाठी नव्हती. फ्रेंच शिकणारा स्पॅनिश माणूस आणि जर्मन शिकणारा पोलिश माणूस यांची पातळी एकाच भाषेत सांगता यावी हा हेतू. त्यातली वाक्यं 'हा अमुक करू शकतो' अशा घडणीची आहेत, आणि कुठलं वाक्य कुठल्या पायरीवर बसवायचं हे स्वित्झर्लंडमधल्या शिक्षकांनी आपापल्या विद्यार्थ्यांना ती वाक्यं लावून पाहिल्यावर ठरलं. बी१ ला तिथे 'थ्रेशोल्ड' म्हणतात, म्हणजे उंबरठा. ही कल्पना तर १९७५ पासूनची आहे: परक्या देशात रोजचे व्यवहार स्वतःचे स्वतः निभावण्यासाठी किमान किती भाषा लागते, ते त्यात लिहून काढलं होतं. माझ्याकडे येणारे बहुतेक जण याच उंबरठ्यावर उभे असतात, आणि मागे खूप काही जमलेलं असूनही आपण अजून अंगणातच आहोत असं समजतात.

तुम्ही क्वालिटीतले आहात म्हणून तुमच्या भाषेत सांगते. लोक पातळीकडे व्हर्नियरसारखं बघतात, इतके मिलिमीटर आणि वर इतके शतांश. ही चौकट म्हणजे गो-नो-गो गेज आहे, भाग बसतो की नाही एवढंच सांगणारं. 'अनोळखी माणसाशी आपल्या कामाच्या विषयावर, दोघांपैकी कुणालाही ताण न येता बोलता येतं' हे बी२ चं एक गेज. जातं किंवा जात नाही, बस. आणि जॉबला, म्हणजे तपासायच्या भागाला, चार मापं असतील, त्यातली तीन टॉलरन्समध्ये, म्हणजे चालणाऱ्या फरकात, आणि एक बाहेर असेल, तर तुम्ही चारांची सरासरी काढून तो जॉब पास करत नाही. भाषेचंही तसंच धरा.

चौकटीतल्या स्वमूल्यमापनाच्या तक्त्यात पाच रकाने आहेत: ऐकणं, वाचणं, संवाद, सलग बोलणं आणि लिहिणं. बोलण्याचे दोन भाग केलेले आहेत, आणि तुमच्यासाठी तोच भेद सगळ्यात महत्त्वाचा आहे. तयारी करून प्रेझेंटेशन उत्तम देणारी आणि पहिल्याच प्रश्नाला गडबडणारी माणसं मी दर महिन्याला बघते.

आपल्या मराठी माध्यमाच्या मुलांचा आलेख साधारण कसा असतो ते सांगते. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं, त्याआधी ते पाचवीत सुरू व्हायचं. तुम्ही त्या नंतरच्या पिढीतले. पण वर्षं वाढली तरी निकालाचा मोठा भार लेखी पेपरवरच राहिला, म्हणून वाचन पुढे जातं. डिप्लोमा-डिग्रीची पुस्तकं इंग्रजीत वाचून वाचन बी२ पर्यंत पोचतं, कधी त्याच्या वरही. भारतीय माणसाचं इंग्रजी ऐकून कळतं, पण जर्मन किंवा पोलिश माणूस बोलू लागला की तीच समज एक पायरी खाली येते. ईमेल ठरावीक साच्यातली असल्यामुळे लिहिणं आहे त्यापेक्षा बरं दिसतं. आणि संवाद सगळ्यात मागे, कारण त्याची सवय करायला कुणी समोर बसलेलंच नसतं. तुमचा आलेख असाच असेल असं नाही, पण सी१ आणि बी१ असे दोन निकाल बघून मला तसा संशय येतो.

आता मोजायचं कसं. बोलण्यापासून सुरुवात करा, कारण तुमची अडचण तिथे आहे.

गेल्या महिन्यात कामावर आलेली एखादी अडचण मनात आणा. कागदावर काही लिहू नका. एक मिनिट विचार करा, मग फोनवर रेकॉर्डिंग चालू करून दोन मिनिटं सलग बोला. आयेल्ट्स या परदेशी जाणाऱ्यांच्या इंग्रजी परीक्षेत तोंडी परीक्षेच्या दुसऱ्या भागात हेच करायला लावतात: एक मिनिट तयारी, मग दोन मिनिटांपर्यंत बोलणं. अडखळलात तरी थांबवू नका, पुन्हा पहिल्यापासून सुरू करू नका. दुसऱ्यांदा केलेलं रेकॉर्डिंग हा सराव झाला, मोजमाप नाही.

मग ते नुसतं ऐकू नका, शब्दन् शब्द कागदावर उतरवा. अडखळणं, 'अं…', अर्धवट सोडलेले शब्द, सगळं. दोन मिनिटांचं उतरवायला अर्धा तास लागतो. तो टाळू नका, कारण नुसतं ऐकताना आपलं लक्ष स्वतःच्या आवाजावर आणि उच्चारांवर जातं, भाषा दिसतच नाही. कागदावर ती दिसते.

माझ्याकडच्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या पहिल्या उताऱ्यातल्या या ओळी. तोही तुमच्यासारखाच इन्स्पेक्शनमधला, आणि इतरांना दाखवायला त्याची परवानगी आहे:

"सो यस्टरडे वुई आर… वुई वेअर चेकिंग द… द पार्ट, अँड द होल इज… अं… होल वॉज बिग. सो कस्टमर सेड टू अस दॅट व्हाय इट इज कमिंग. सो वुई डन… वुई डिड द चेकिंग ऑल पार्ट. अँड देन… अं… सम पार्ट इज गुड अँड सम इज नॉट गुड."

त्याला हे वाचून रडू यायचं बाकी होतं. मी त्याला यातल्या चांगल्या खुणा आधी दाखवल्या. 'वुई आर' चं 'वुई वेअर', 'इज' चं 'वॉज', 'डन' चं 'डिड' हे त्याने स्वतःच, कुणी न सांगता सुधारलं होतं. म्हणजे नियम आत आहे, फक्त तोंडाशी वेळेत पोचत नाही. आणि घडलं काय ते ऐकणाऱ्याला पूर्ण कळतं. घटना क्रमाने सांगता येणं आणि मुद्दा पोचणं हे बी१ चं गेज आहे. ते गेलं.

मग अडलं कुठे? थांबे बघा. 'द… द पार्ट', 'होल इज… अं…'. हे थांबे वाक्याच्या शेवटी नाहीत, शब्दगटाच्या मधोमध आहेत. पुढे काय सांगायचं याचा विचार करायला माणूस वाक्य संपल्यावर थांबतो, मराठीतही थांबतो. शब्द किंवा व्याकरण शोधायला तो मध्येच थांबतो. बी१ च्या वर्णनातच म्हटलंय की शब्द आणि रचना जुळवण्यासाठी घेतलेले थांबे ठळक जाणवतात, बी२ ला ओघ बराचसा एकसारखा होतो. दुसरी खूण जोडशब्दांची. सगळी वाक्यं 'सो', 'अँड' आणि 'अँड देन' ने जोडलेली आहेत. कारण, अट, तुलना, 'असं असूनही' यातलं काहीच नाही. तिसरी, होल कसं होतं तर 'बिग', पार्ट कसे तर 'गुड' आणि 'नॉट गुड'. ज्या विषयात तो रोज आठ तास घालवतो त्यातही नेमका शब्द आला नाही.

सात महिन्यांनी त्यानेच असलीच एक घटना सांगितली तेव्हा त्यात हे वाक्य आलं: "द होल वॉज ओव्हरसाइज इन हाफ द लॉट, सो वुई स्टॉप्ड द डिस्पॅच, इव्हन दो द कस्टमर वॉज वेटिंग, बिकॉज इफ वुई सेंड इट, दे विल रिजेक्ट एव्हरीथिंग." शेवटच्या भागातल्या अटीच्या वाक्याचं व्याकरण काटेकोर नाही. तरी हे बी२ चं बोलणं आहे. एका वाक्यात निर्णय, त्याचं कारण, त्याविरुद्धचा दबाव आणि न घेतल्यास होणारा परिणाम, सगळं आलं. चुका उरल्या, पण गैरसमज होईल अशी एकही नाही.

तर तुमच्या उताऱ्यात एवढंच मोजा: शब्दगटाच्या मधले थांबे किती, चुकल्यावर स्वतः सुधारलेलं किती आणि तसंच पुढे गेलेलं किती, आणि 'अँड', 'सो', 'बट' सोडून किती वेगळे जोडशब्द आले. हे तीन वेगळ्या दिवशी तीन विषयांवर करा, त्यातला एक तरी कामाबाहेरचा घ्या, जसं गावातला पाणीप्रश्न किंवा मोबाइलचं मुलांना लागलेलं वेड. कामाच्या विषयावर बी२ आणि बाहेरच्या विषयावर बी१ असं अनेकांचं होतं, आणि तुमच्या जागेसाठी ते चालूनही जाईल.

हे झालं सलग बोलणं. संवाद एकट्याने मोजता येत नाही. एखाद्या सहकाऱ्याला कॉलवर ग्राहक विचारतात तसे दहा प्रश्न चिठ्ठ्यांवर लिहायला सांगा, आणि त्यातले तीन तरी हरकतीचे असू द्या: 'हे तुम्ही मागच्या वेळीही म्हणाला होतात', 'तुमची तारीख आम्हाला मान्य नाही'. एक चिठ्ठी उचला, वाचा आणि पाच सेकंदांत बोलायला लागा. त्याने मध्येच तोडून एक उलटप्रश्न विचारायचा. बघायचं हे की नीट न कळल्यावर तुम्ही गप्प बसता, की 'म्हणजे तुम्हाला असं म्हणायचं आहे का' असं विचारून घेता. अडलं तर विचारून घेणं ही कमजोरी नाही, ते कौशल्य म्हणून चौकटीत वेगळं नोंदलेलं आहे.

याच्याच जवळची एक चाचणी मी वर्गात हमखास घेते, आणि ती स्वयंपाकघरात करता येते. किसणी, उलथनं, झारा, सांडशी, पोळपाट. इंग्रजी नाव माहीत नसेल तर उत्तमच. नाव न घेता ती वस्तू इंग्रजीत अशी सांगा की ऐकणाऱ्याने उचलून हातात द्यावी. 'द फ्लॅट थिंग, यू टर्न द चपाती विथ इट' एवढं आलं की काम झालं. डोळ्यांसमोरच्या वस्तूचं असं वर्णन करता आलं तर बी१. तोच आडवळणाचा मार्ग अमूर्त गोष्टीसाठी वापरता आला, म्हणजे 'भीड', 'चालढकल', 'वेळ मारून नेणं' हे परक्या माणसाला समजावता आलं, तर तुम्ही बी२ कडे सरकलात. नेमका शब्द न सुचल्यावर गाडी जिथे थांबते, तिथेच तुमची संवादाची खरी पातळी दिसते.

ऐकण्याबद्दल. सबटायटल बंद. एकदाच ऐकायचं, मागे न्यायचं नाही, कारण कॉलवर ग्राहक मागे नेता येत नाही. बीबीसीचा 'सिक्स मिनिट इंग्लिश' हा मध्यम पातळीच्या लोकांसाठीचा कार्यक्रम आधी घ्या, मग एखाद्या युरोपीय इंजिनिअरची इंग्रजीतली मुलाखत घ्या. ऐकून झाल्यावर काय कळलं ते मराठीत सांगा, इंग्रजीत नाही. इंग्रजीत सांगायला गेलं की समज कमी पडली की बोलणं, हे कळेनासं होतं. मराठीत सांगितलंत की निव्वळ समज उरते. मुख्य मुद्दा आणि त्याचं कारण आलं पण बोलणाऱ्याचा रोख निसटला, म्हणजे तो खरंच सहमत होता की नुसतं सौजन्य दाखवत होता हे कळलं नाही, तर बी१ आणि बी२ च्या मध्ये. न बोललेलंही कळलं तर सी१ च्या दिशेने.

वाचनाचं लवकर आटोपते, कारण तिथे तुमची गाडी पुढे आहे. न वाचलेल्या लेखातले सलग शंभर शब्द मोजा आणि अडलेल्या शब्दांखाली रेघ मारा. पॉल नेशन या न्यूझीलंडच्या भाषाअभ्यासकाने दाखवलंय की मदतीशिवाय नीट समजायला साधारण ९८ टक्के शब्द ओळखीचे लागतात, म्हणजे शंभरात दोनच अनोळखी. इंग्रजी वर्तमानपत्र किंवा कादंबरी तशी वाचायला त्याच्या हिशेबाने आठ ते नऊ हजार शब्दकुळं लागतात. गो, गोइंग, वेंट, गॉन हे सगळं मिळून एक कुळ. शंभरात सात-आठ रेघा येत असतील तर तुम्ही वाचत नाही, अंदाज बांधत आहात.

लिहिण्यासाठी चाळीस मिनिटं लावा आणि हाताने, कागदावर, अडीचशे शब्द लिहा. विषय मत मांडण्याचा हवा, 'रात्रपाळी बंद करावी का' असा काहीही. फोनवर किंवा संगणकावर नको, कारण तिथे शब्द आपोआप दुरुस्त होतात आणि मग आपण यंत्राचं इंग्रजी मोजतो. कागद दोन दिवस ठेवून द्या, मग लाल पेन घ्या. तेव्हा ज्या चुका स्वतः दिसल्या त्या घाईच्या. ज्या तुम्हाला दिसल्याच नाहीत आणि दुसऱ्याने दाखवल्या, त्या पातळीच्या.

त्या दुसऱ्या प्रकारात आपल्या मराठीतून आलेल्या चुका जास्त असतात. मराठीत 'अ' आणि 'द' असं काही नाही, म्हणून ते एक तर गळतात किंवा नको तिथे पडतात. 'मला माहीत नाही तो कुठे आहे' यावरून 'आय डोन्ट नो व्हेअर इज ही'. 'आज सकाळी' वरून 'टुडे मॉर्निंग'. 'मला दोन भाऊ आहेत' चं 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स'. यातली एकही समज बिघडवत नाही, म्हणून त्यांच्यापायी स्वतःला बी१ च्या खाली ढकलू नका. काळ, अट किंवा नकार चुकून अर्थच उलटा झाला तर ती मात्र मोठी चूक.

हाच कागद एआयला देऊन पातळी विचारली तर? चुका दाखवायला ते उपयोगी आहे, मी स्वतः वापरते. पातळी मात्र विचारू नका. एकाच मुलीचा तोच निबंध मी दोन दिवशी दिला तेव्हा एकदा बी२ आलं, एकदा सी१, आणि दोन्ही वेळा भरभरून कौतुक.

आता उच्चारांबद्दल, कारण यात मी स्वतः चूक केलेली आहे. पहिल्या काही वर्षांत एक तरुण आला. बोलणं सफाईदार, 'व्ही' आणि 'डब्ल्यू' वेगळे, लय इंग्रजी सिनेमातली. मी त्याला थेट वरच्या बॅचला बसवलं. त्याच आठवड्यात सोलापूरकडची एक नर्स आली. उच्चार पक्के मराठी, वेग कमी, मान खाली. तिला मी खालच्या बॅचला टाकलं. महिन्याने दोघांचं लिखाण आणि चर्चा समोर आली तेव्हा कळलं की त्याच्याकडे पाठ झालेली दोनशे वाक्यं होती आणि त्यांच्या बाहेर काही नव्हतं. ती मात्र रुग्णाला औषध बंद करू नका हे तीन वेगवेगळ्या प्रकारे पटवून देऊ शकत होती. तिचा महिना मी फुकट घालवला, आणि ते मला अजून लागतं. युरोप परिषदेनेही नंतर उच्चारांचं वर्णन नव्याने लिहिलं, आणि त्यात भर इंग्रजांसारखं बोलण्यावर नाही, ऐकणाऱ्याला सहज कळण्यावर आहे. तुमचं 'झीरो' 'झिरो' झालं म्हणून पातळी उतरत नाही.

हे सगळं करूनही स्वतःच्या अंदाजात अर्ध्या पायरीचा फरक राहतोच. डेव्हिड डनिंग आणि जस्टिन क्रूगर या मानसशास्त्रज्ञांच्या १९९९ च्या गाजलेल्या प्रयोगांत एक इंग्रजी व्याकरणाचाही होता, आणि सगळ्यात कमी गुण मिळालेल्यांनीच स्वतःला सरासरीच्या वर धरलं होतं. माझ्या वर्गात मला उलट प्रकार जास्त दिसतो, विशेषतः मराठी माध्यमाच्या मुलींत: असलेलंही स्वतःचं नाही असं त्या मानतात. म्हणून दुसऱ्या माणसाचा कान हवा, आणि तो मित्राचा नको. ज्याला तुमचं काम माहीत नाही अशा एखाद्याला रेकॉर्डिंग ऐकवून एकच विचारा, 'काय झालं ते सांग बरं'. आणखी एक बघा, तुम्ही मराठीतही कमी बोलणारे आहात का? तसं असेल तर कॉलवरची तुमची शांतता सगळी इंग्रजीच्या खात्यावर टाकू नका.

अधिकृत परीक्षा द्यावी का? कुणी प्रमाणपत्र मागितलं तरच. आयेल्ट्सचा निकाल साधारण दोन वर्षंच चालतो, त्यामुळे नुसत्या उत्सुकतेपोटी दिलेली परीक्षा हवी तेव्हा जुनी झालेली असते. ढोबळ मेळ असा: आयेल्ट्स ४ ते ५ म्हणजे बी१, साडेपाच ते साडेसहा म्हणजे बी२, ७ ते ८ म्हणजे सी१. पण खरी मागणी कशी असते ते नर्सेसच्या उदाहरणात दिसतं. ब्रिटनमध्ये नोंदणीसाठी त्यांना ऐकणं, वाचणं आणि बोलणं यात प्रत्येकी ७ लागतात, लिहिण्यात साडेसहा. वाचनात साडेआठ मिळवून बोलण्यातला ६ झाकता येत नाही. ज्यांना माणसाकडून काम करून घ्यायचं असतं, ते वेगवेगळंच मोजतात.

तुमच्या फॉर्मचं. रकाना एकच असेल तर तुमच्या कामाला लागणाऱ्या कौशल्यांतली सगळ्यात खालची पातळी लिहा, म्हणजे संवादाची. जागा असेल तर फोड करून लिहा: वाचन अमुक, लेखन अमुक, संवाद अमुक. काही ठिकाणी 'लिमिटेड वर्किंग', 'प्रोफेशनल वर्किंग' असे पर्याय असतात. ते अमेरिकी सरकारने परराष्ट्र खात्यासारख्या आपल्या खात्यांतल्या कर्मचाऱ्यांसाठी बनवलेल्या शून्य ते पाच या वेगळ्या मापातून आलेत. ए-बी-सीशी ते नेमके जुळत नाहीत, म्हणून ओढूनताणून जुळवू नका. स्वतःच्या क्षेत्रातल्या बैठकीत भाग घेऊन मत मांडता येत असेल तरच 'प्रोफेशनल वर्किंग'. 'फ्लुएंट' हा शब्द मात्र लिहूच नका, मुलाखत घेणारा त्याचा अर्थ स्वतःच्या मनाने लावतो.

समजा संवाद बी१ निघाला. केंब्रिज या इंग्रजीच्या परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या अंदाजाप्रमाणे बी१ पर्यंत पोचायला एकूण ३५० ते ४०० तासांचं शिक्षण लागतं आणि बी२ ला ५०० ते ६००. म्हणजे मधलं अंतर दीडशे-दोनशे तासांचं. रोज एक तास धरला तर सहा महिने. तुमचं वाचन आधीच पुढे असल्यामुळे तुम्हाला मी थोडे कमी धरेन, पण ते तास बोलण्यातच जायला हवेत, आणखी एका व्याकरणाच्या पुस्तकात नाही. जागेची मुदत त्याआधी संपत असेल तरी अर्ज करा, आणि साहेबांना स्पष्ट सांगा की वाचन-लेखन अटीप्रमाणे आहे, कॉलवर बोलणं एक पायरी खाली आहे, पहिले काही महिने अनुभवी सहकाऱ्याबरोबर कॉलवर बसू द्या. पाच वर्षं त्या जॉबची मापं घेतलेला माणूस त्यांना बाहेरून सहज मिळत नाही.

या रविवारी पहिलं रेकॉर्डिंग करा. कागदावर उतरवून झालं की थांबे, दुरुस्त्या आणि जोडशब्द यांचे आकडे मला कळवा, जमलं तर मधल्या पाच-सहा ओळीही. ते बघून तुम्ही उंबरठ्याच्या कुठल्या बाजूला आहात ते मी सांगू शकेन.